रुपरावची जागल

लुधियाना
१७ मार्च १९७४

बाईले मार्तंडचा नमस्कार.

खुशाली विचारत नाही. आपल्या गावचा चंद्रभान संत्र्याचा ट्रक घेऊन अठी मंडीत आला होता, त्यानं सांगितली. चहा पिता पिता म्हणे, तुही बहीण दिवाळीपासून निजत नाही. सपरीतून परसात अन् परसातून सपरीत फिरत राहते, ऐन थंडीत माठात हात बुडवून बसते. गावात कोणी म्हणते बाहेरचं आहे, कोणी म्हणते करणी आहे. मी म्हटलं, चंद्रभान, कप खाली ठेव अन् नाव सांग. तो म्हणे, कायचं नाव? म्हटलं, ज्यानं केलं त्याचं. त्यानं कप काही ठेवला नाही, पण ट्रक लवकर काढला.

बाई, माणूस आपोआप जागा राहत नाही. माहंच पाय ना. अठी सळ्यांच्या कारखान्यात लाल झालेलं लोखंड चिमट्यानं धरून रोलरात घालतो. एक आठवडा दिवसा, एक आठवडा रातपाळी. तरी जिथं टेकलो तिथं निजतो. परवा सळ्यांच्या ढिगावरच डोळा लागला. सरदार मिस्त्रीनं पाणी ओतलं तेव्हा उठलो, अन् त्याच्याच अंगावर धावलो. म्हणजे झोप ही मेहनत करणाऱ्याले येतेच. तू तर माह्याहून दुप्पट राबते. मग तुले येत नाही, याचा अर्थ कोणीतरी येऊ देत नाही.

माय मेली तेव्हा मी अंगावर पीत होतो. तू तुह्या लेकीसोबत, गोपिकासोबत, मलेही पाजलं, सासरी ठेवून घेतलं. भाऊजीनं त्या घरात मले बैल हाकायच्या काठीनं, तुतारीनं, फोडून काढलं होतं, म्हणून मी संत्र्याच्या ट्रकवर बसून पळालो. ते मी विसरलो असं कोणी समजू नये. माहं ते राहिलंच आहे, त्यात तुहंही मिळवतो.

मले फक्त नाव पाठव. पुढचं मी पाहतो.

तुहा
मार्तंड


सालईटोला, पो. पारशिवनी, तह. रामटेक
९ एप्रिल १९७४

चि. मार्तंडले बाईचे आशीर्वाद.

चंद्रभानचं तोंड म्हणजे त्याच्या ट्रकाचा भोंगा. कोणी काही केलं नाही. तू चिमटा सांभाळ.

काय होते ते लिहिते. बेंबीपासून एक वाफ निघते अन् कानापर्यंत चढते, भगोन्यावरचं झाकण उचलल्यासारखी. चोळी ओली होते. थोड्या वेळानं तीच चोळी गार पडते अन् हुडहुडी भरते. निजली का झोप येते, नाही असं नाही, पण कोणी गोधडी ओढून घ्यावी तशी निघून जाते. मग येतच नाही. पाळीही कधी येते, कधी दोन-दोन महिने दिसत नाही. हे तुले लिहू नये, पण तू माह्या अंगावर पिलेला, तुह्याजवळ कायची लाज.

आता उन्हाळा लागला. गड्यांच्या बाजा आंगणात पडल्या, वाऱ्यावर. आम्ही बाया आत, चुलीजवळ, दाराले कडी लावून. ही रीत कोणी काढली कोण जाणे, पण त्याले वाफ येत नव्हती एवढं नक्की. मी कडी काढून परसात बसते. नणंद आतून विचारते, "कोण वं?" मी म्हणते, मीच. ती म्हणते, "मीच म्हणजे कोण?" जशी माह्या अंगात दुसरीच कोणी शिरली आहे.

जागण्याचा एक फायदा झाला. तुले माहीत आहे, आपल्याकडे हरभऱ्याची जागल घरपरत फिरते. ज्याची जागल त्यानं मचानावर बसून साऱ्या शिवाराची रानडुकरं हाकलायची. तुहे भाऊजी मचानावर चढले का घोरते. यंदा त्यांची जागल असली का मी परसात जागीच असे. डुकरं नाल्यातून वर निघाली का मले ऐकू येत. मी रॉकेलचा डब्बा बडवे. त्यानं डुकरं पळत अन् हेही उठत, मग मोठ्यानं हाकलाले लागत. साऱ्या गावानं म्हटलं, रुपरावसारखा जागल्या नाही. त्यांनी फेटा बांधून नारळ घेतला. घेऊ दे. पीक वाचलं.

तू येऊ नको. अन् त्या रोलरजवळ निजू नको.

बाई


लुधियाना
२ मे १९७४

बाईले नमस्कार.

फेटा बांधून नारळ घेतला! वाचून माहा हात असा सुटला का जेवणाचं ताट दूर जाऊन पडलं. संगतीचा गडी म्हणे, घरी कोणी गेलं का? म्हटलं, गेलं नाही, जाणार आहे.

तू म्हणते कोणी काही केलं नाही. अंगात वाफ अशीच चढते काय? अठी भट्टीत कोळसा घालावा लागते तेव्हा गरमी होते. तुह्या पोटात कोणी घातला? मले तर तुह्या नणंदेवर, रंभाबाईवरच वहीम आहे. नवरा मेल्यापासून ती भावाच्या घरात मालकीण होऊन बसली. लहानपणी माह्या उशाखाली तिनं लिंबू ठेवलं होतं, मी ते सरबत करून पिलो, म्हणून वाचलो. तू तुह्या बाजेच्या चारही पायांखाली खणून पाय. काही सापडलं तर हात लावू नको, चिमट्यानं उचल अन् तिच्याच अंथरुणात ठेव.

भाऊजीलेही मी वेगळं पत्र टाकलं आहे. जास्त लिहिलं नाही. एवढंच लिहिलं का माह्या बहिणीले काही झालं तर तुमचे दात पाडून त्याची माळ रंभाबाईच्या गळ्यात घालीन. कसं वाटलं, लिही.

मार्तंड


सालईटोला
२१ जुलै १९७४

चि. मार्तंड यास रुपराव यांचे आशीर्वाद. विनंती विशेष.

तुझे पत्र पावले. दातांच्या माळेचा मजकूर मी महादेवराव पोलीस पाटलांस वाचून दाखविला. ते एवढेच म्हणाले, "घराण्यातच आहे."

तुझ्या बहिणीची प्रकृती आता आपल्या हातची राहिली नाही. मी मागे हटणारा नवरा नाही. तिला नागपुरास धंतोलीत मोठ्या डॉक्टरीनबाईस दाखविले. बाईंनी तपासून स्पष्ट सांगितले की अंगातील उष्णता डोक्यात चढली आहे व उतरणे कठीण. वर्ष वर्ष न निजणारे माणूस शहाणे कसे राहील, हे तुलाही समजते. उद्या तिने कोणाच्या घरास काडी लावली तर जबाबदार कोण? सबब तिची सोय पागलखान्यात करावी, असे माझ्या मोठ्या बहिणीचे व माझे मत पडले. घरी दिवा लावण्यास कोणी हवे, म्हणून पुढील व्यवस्था पाहणे आले. त्यास पंचांसमोर माहेरच्या माणसाची संमती लागते, आणि माहेर म्हणजे तूच. "बहिणीच्या डोक्यात फरक पडला आहे, पुढील व्यवस्थेस माझी हरकत नाही," असे दोन ओळीत लिहून खाली सही करावी. शुद्धलेखनाची चिंता करू नये.

तुला या घराने जेवू घातले, हे ध्यानात असावे.

रुपराव


लुधियाना
१५ ऑगस्ट १९७४

बाईले मार्तंडचा नमस्कार.

आज कारखाना बंद. सारे गडी सिनेमाले गेले, मी हे पत्र घेऊन बसलो. दोनदा फाडलं.

भाऊजीचं पत्र आलं. मले त्या माणसाचा भरवसा नाही. पण डॉक्टरीनबाई तर खोटं बोलणार नाही ना? तिले काय पडलं? बाई, अठी एक गडी होता, बिहारकडचा. घरून तार आली तेव्हापासून निजला नाही. चौथ्या दिवशी हसत हसत लाल सळई हातानं धराले गेला. आम्ही चौघांनी पकडला. त्याचे डोळे मी पाहिले आहेत. तू वर्ष होत आलं निजली नाही. तुहे डोळे कसे झाले असतील, याचा विचार येते अन् मले पहिल्यांदा झोप लागत नाही.

पागलखान्यात निदान औषध तरी देत असतील. मी थोडे पैसे जमवतो अन् तुले तिथून सोडवून अठी आणतो. भाऊजीले पाहिजे ते दोन ओळीत लिहून सोबत ठेवलं आहे. त्याच्या हातात दिलं नाही, तुह्या हातात देऊन राहिलो. तुले वाटलं तर दे. नाही वाटलं तर फाड.

रागावू नको. मले समजत नाही वं, काय करावं.

मार्तंड


सालईटोला
१० सप्टेंबर १९७४

मार्तंड,

तुह्या दोन ओळींवर चहा केला. कागद ओला होता, धूर झाला.

डोळे कसे झाले म्हणते? सुईत दोरा एका झटक्यात घालते, असे झाले. तू पहिल्यापासून असाच. आधी साऱ्या गावाले मारायले निघते, अन् कोणी मोठ्या आवाजात बोललं का त्याच्याच बाजूनं होते. आता धंतोलीत काय झालं ते माह्या तोंडून ऐक.

हे मले दाखवाले नेत नव्हते, पागल ठरवून आणाले नेत होते. बसमध्ये नणंदेले म्हणे, "एकदा कागद भेटला का काम झालं." मी खिडकीजवळ होती. त्यांना वाटलं मी निजली. जी बाई निजत नाही म्हणून नेऊन राहिले, तिले निजलेली समजून बोलले. हसू आलं पण दाबलं.

डॉक्टरीनबाई जवान आहे, केस कापलेली. हे आत येताच उभ्यानं सांगाले लागले, हिच्या डोक्यात फरक आहे. बाई म्हणे, "तुम्ही बसा. मी यांना विचारते आहे." मग मले सारं विचारलं. पाळी, वाफ, घाम. पहिली पाळी कधी आली. गोपिकाच्या वेळी झोप कशी होती. मी म्हटलं, तेव्हा तर पहिले तीन महिने भाकर थापता थापता डुलकी लागे, सासू परातीतून हात काढे. ती म्हणे, "बरोबर. बाईच्या अंगात पाळी चालवणारे दोन रस असतात. त्यातला एक झोप आणतो. पोटात बाळ असलं की तो भरपूर असतो, म्हणून तेव्हा डुलक्या. दुसरा अंगाची उष्णता सांभाळतो. पाळी जायच्या वयात दोन्ही उतरतात, तेही सरळ नाही, आज वर उद्या खाली. म्हणून वाफा, म्हणून झोप तुटते. हा वेडेपणा नाही. तुमच्या आईलाही झालं असेल." म्हटलं, माय त्या वयापर्यंत पोचली नाही.

मार्तंड, तुह्या भाषेत सांगते. तुह्या भट्टीवर हवा कमी-जास्त करणारा एक गडी असेलच. तो म्हातारा झाला, कधी सारी हवा सोडते, कधी बंद करते. भट्टी तीच, कोळसा तोच. भट्टी पागल झाली असं कोणी म्हणते काय?

तर हे म्हणाले, "आम्हा गड्यांना काहून होत नाही मग?" ती म्हणे, "तुमचा रस हळूहळू उतरतो, कळत नाही. तुमचं दुखणं वेगळं असतं. घोरता का? मधे श्वास अडकतो का?" मीच म्हटलं, अडकते, कधी कधी मीच कुशीवर वळवते तेव्हा चालू होते. बाई ह्यांच्या मानेकडे पाहून म्हणे, "वजन कमी करा. आणि हिचे आभार माना." नणंद बाहेरच्या बाकावर होती, तिनंही हे सारं ऐकलं. डॉक्टरीननं गोळ्या दिल्या, वाऱ्यावर निजा म्हणली, दोन-चार वर्षांत निवेल म्हणली. कागद दिलाच नाही.

गावात येऊन ह्यांनी काय सांगितलं ते तुले माहीतच आहे. गोळ्या नणंदेनं नाल्यात फेकल्या. 'पुढील व्यवस्था' म्हणजे तिच्या सासरकडची शामला, मौद्याची, गोपिकाहून लहान. दोन्हीकडून बोलणं झालं आहे. पाळी जाऊन राहिली म्हणजे आता पोरगा होणार नाही, एवढंच त्या दोघांनी डॉक्टरीनच्या बोलण्यातून घेतलं. होळीच्या आत उरकाचं आहे.

मले आता कोणाचं मन धरायचं नाही. तुहंही नाही.

बाई


लुधियाना
२८ ऑक्टोबर १९७४

बाई,

तुह्या पायावर डोकं ठेवतो. पत्र वाचून मी बाहेर गेलो अन् कारखान्याच्या भिंतीवर डोकं आपटलं. भिंत सरकारी नाही, मालकाची आहे, म्हणून जास्त आपटलं नाही.

इतके दिवस मी नाव मागून राहिलो. रसाची गचांडी धरता येत नाही, हे मले समजलं. तो उतरतो तर उतरू दे. पण तुह्या जागण्याचा ज्यानं फायदा घेतला त्याची मान तर हातात येते. तुह्या जागण्यावर फेटा बांधला, अन् त्याच जागण्याले पागलपण म्हणून दुसरी आणतो! अन् गोळ्या नाल्यात! बाई, मी आता ओरडत नाही. दिवसभर चूपचाप काम करतो. सरदार मिस्त्री म्हणे, आजारी आहेस काय?

एक सळई मी स्वतः काढली. चांगल्या पोलादाची, हातभर, एका टोकाले मूठ वळवली. बाकीच्या सळ्या घरं बांधाले जातात. ही एकाच कामाची आहे. भाऊजीचा उजवा गुडघा. डावा राहू देतो, संडासले जायले लागते. चंद्रभान संत्रं घेऊन आला का त्याच्या हाती पोत्यात गुंडाळून पाठवतो. तू कणगीत ठेव. मग मले फक्त कळव, भाऊजीची जागल कोणत्या दिवशी आहे. मचानावर तो एकटा राहते. मी दिल्लीहून गाडी पकडून येतो, काम करतो, तुले घेतो अन् त्याच दिवशी परत.

या वेळी नाही म्हणू नको. दिवस कळव.

मार्तंड


सालईटोला
२० जानेवारी १९७५

प्रिय मार्तंड यास अनेक आशीर्वाद.

बरेच दिवसांत तुझी खुशाली नाही. येथे एक आपत्ती ओढवली आहे, तपशील तुझी बहीण लिहीलच. माझी तिच्याविषयी कोणतीही तक्रार नाही व कधीही नव्हती. मौद्याचे बोलणे मी स्वतः मोडले आहे. माझी मोठी बहीण काही दिवसांसाठी मौद्यास गेली आहे.

तुझे ती ऐकते, म्हणून लिहितो. तिने पूर्वीप्रमाणे डब्बा वाजवावा, एवढे तिला समजावून लिहावे. हरभरा निघेपर्यंत तरी. तू थोर मनाचा आहेस, हे मी पाटलांनाही सांगितले.

तुझा
रुपराव


लुधियाना
२९ जानेवारी १९७५

बाई,

भाऊजीनं मले प्रिय लिहिलं. काय केलं तू? सळई वापरली काय? माह्याशिवाय? लवकर लिही, नाही तर मी पोळी खाणार नाही.

मार्तंड


सालईटोला
९ फेब्रुवारी १९७५

चि. मार्तंडले बाईचे आशीर्वाद.

पोळी खा.

सळई चंद्रभाननं आणून दिली. म्हणे, बाई, यात काय आहे ते मी विचारलं नाही, तूही सांगू नको. मी ती कणगीत ठेवली. दिवस तुले कळवला नाही, कारण तू आला असता, एक गुडघा फोडला असता अन् जन्मभर जेलात बसला असता. ह्यांना सारं गाव भाजीभाकर घेऊन पाहाले आलं असतं. माह्या हातून जे होणार होतं ते तुह्या हातून होत नव्हतं.

मी काही केलं नाही. हेच केलं.

संक्रांत झाली. हरभरा घाट्यावर आला होता, टच्च भरलेला. ह्यांची जागल लागली. जाताना नणंदेले म्हणाले, "सकाळी मौद्याहून पाहुणे येऊन राहिले, घर सारवून ठेव. पागलखान्यात कधी नेऊन सोडायचं ते त्यांच्यासमोरच ठरवू." मी तिथंच कांदा चिरत होती. अन् मले म्हणे, "तू निज. जागायले मी आहे."

मी जागीच राहिली, परसात पायरीवर बसली. डब्बा बाजूले. लाकूड मांडीवर. डुकरं नाल्यातून चढली, मले ऐकू आलं. आधी एक मोठं, मग साऱ्या पिलावळीसकट. घाटे फोडायचा आवाज कसा असते सांगू? जावयाच्या पंगतीत पापड मोडल्यासारखा. मचानावरून घोरणं येत होतं. मधे अडके, मग पुन्हा सुरू. माहा हात दोन वेळा उचलला गेला, मी तो मांडीखाली दाबून ठेवला. वाफ आली, गेली. मले बिलकुल गरम वाटलं नाही.

सकाळी नाल्याकडचं शिवार नांगरल्यासारखं. महादेवराव पाटलाची बांधी गेली, आपली गेली, अन् पलीकडची इंदुताईची पट्टीही गेली. तिले नवरा नाही, ती त्या पट्टीवरच जगते. बाकी कोणाचं मले वाईट वाटलं नाही, तिचं वाटते. आपल्या धुऱ्याकडे, बांधाजवळ, जो हरभरा वाचला तो मी कापून तिच्या घरी टाकला. ह्यांना विचारलं नाही.

चावडीवर सारे जमले. पाटील म्हणे, "रुपराव, मागच्या साली तुह्या जागलीले एक घाटा गेला नाही. यंदा काय झोप लागली?" हे म्हणाले, "बायको पागल, तिच्या घोरानं डोकं ठिकाणावर नव्हतं." तेव्हा इंदुताई उठली. बाया चावडीवर बोलत नाही, पण ती बोलली. "मागच्या साली डब्बा मचानावरून वाजे काय रुपरावभाऊ? तो तर तुमच्या परसातून वाजे. मीही कधी कधी जागी राहते. माहंही वय झालं आहे." अन् खाली बसली. मागून दोघी-तिघी म्हणल्या, आमीही ऐकलं. मले तेव्हा समजलं, गावात अर्ध्या बाया जाग्या राहते अन् कोणी कोणाले सांगत नाही.

मौद्याचे पाहुणे तिथंच उभे होते. शामलाचा बाप म्हणे, "जो हरभरा राखत नाही तो पोरगी काय राखणार!" अन् बैलगाडी वळवली. नणंद त्याच गाडीत बसून गेली.

आपली रीत तुले माहीत आहे. ज्याची जागल चुकली त्यानं पीक निघेपर्यंत एकट्यानं साऱ्या गावाची जागल करायची. ह्यांना ती लागली. घरी येऊन माह्यासमोर बसले. मग म्हणाले, "जागशील ना?" मी म्हटलं, उन्हाळ्यात माही बाज आंगणात पडेल. म्हणे, पडेल. गोळ्या पुन्हा आणायच्या, तुम्ही स्वतः धंतोलीत जाऊन. म्हणे, आणतो. मग पुन्हा विचारलं, "जागशील ना?" मी म्हटलं, मचानावर येईन. जागीन का नाही, ते सांगणार नाही.

तर आता आम्ही दोघं मचानावर राहतो. वर चांगला वारा आहे, गोधडी टाकून दिली तरी कोणी कोण वं म्हणत नाही. तुहे भाऊजी बसून राहते. मी डोळे मिटले का म्हणते, "निजली काय?" मी उत्तर देत नाही. पाचोळा वाजला का दचकते. डोळे लाल झाले, जेवण गेलं, मान अर्धी झाली. परवा चावडीवर बसल्या बसल्या डुलकी लागली, तर पोट्टे ओरडले, "रुपरावमामा, डुकरं!" अन् ते खरंच उठून पळाले.

अन् मार्तंड, काल मी निजली. कशी लागली कळलं नाही. उठली तेव्हा ऊन अंगावर आलं होतं, चोळी कोरडी होती. डब्बा त्यांनीच बडवला म्हणे, तीन-चार वेळा. मी एकदाही ऐकला नाही.

डब्बा बडवायचं लाकूड मोडलं म्हणून मी कणगीतली सळई काढून दिली. तिचा आवाज फार दूर जाते. ते म्हणाले, "सळई मस्त आहे, मूठही बराबर बसते. कुठून आणली?" म्हटलं, मार्तंडनं पाठवली. म्हणे, "पोट्टा मनाचा चांगला आहे." कोणत्या गुडघ्यासाठी पाठवली, ते मी सांगितलं नाही.

बाई


लुधियाना
२२ फेब्रुवारी १९७५

बाईले मार्तंडचा नमस्कार.

पत्र साऱ्या पाळीले वाचून दाखवलं. सरदार मिस्त्रीले मराठी येत नाही, पण डुकरं आल्यावर तोही उठून उभा राहिला. मग घरी जाऊन त्यानं बायकोले विचारलं म्हणे, तू निजतेस का. ती म्हणे, बारा वर्षांनी विचारलं.

तू जिंकली हे खरं. पण ते तुहं झालं. माहं तुतारीचं अजून राहिलंच आहे, अन् माह्या सळईले तो माणूस मस्त म्हणते, हे मले सहन होत नाही. गुडघा मी आता फोडत नाही. गरज राहिली नाही. पण याच डाकेत भाऊजीले एक कार्ड टाकलं आहे. उघडं. पोस्टमन वाचेल, पाटील वाचेल, मग त्याच्या हातात पडेल. जास्त लिहिलं नाही, एवढंच:

"भाऊजीले नमस्कार. सळई पोचली अन् पसंत पडली हे वाचून आनंद झाला. ती डब्ब्यासाठी केली नव्हती. कायसाठी केली होती ते होळीले स्वतः येऊन दाखवतो. तोपर्यंत जपून ठेवावी. मार्तंड."

होळीले मले सुट्टी नाही. त्याले कुठं माहीत आहे.

त्यानं तुले विचारलं तर काही सांगू नको. कुशीवर वळ अन् निजून राहा.

तुहा
मार्तंड